सुरीचे पाणी



पुणे जिल्ह्यात बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे हे गाव लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे या भागात ऊस भरपूर होतो, आणि भवानीनगरचा सहकारी साखर कारखानाही जवळच आहे. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडणीच्या टोळ्या अशा गावांत उतरतात. आता काही शेतांत तोडणीयंत्रे दिसतात, तरी पुष्कळसा ऊस अजूनही हाताने तोडला जातो. तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या वजनावर, टनामागे इतकी अशी.

आता थोडा विचार करा. धार चांगली असेल तर ऊस जमिनीलगत एका घावात तुटतो. धार बोथट असेल तर दोन घाव घालावे लागतात. दिवसभरात असे हजारो घाव पडतात. म्हणजे धार गेली की श्रम वाढतात आणि मजुरी घटते. म्हणून कोयत्याची काळजी घेणे ही तेथे हौसेची गोष्ट नसते.

आपल्या स्वयंपाकघरातील सुरीची गोष्ट इतकी गंभीर नाही. पण तिच्यामागचे विज्ञान तेच आहे. बाजारातून आणलेली सुरी जशी आली तशीच वापरली पाहिजे असे नाही. कोणाला ती लांब वाटते, कोणाची टोकाला मोडते, कोणाची पाठ बोटाला रुतते. साधी कानस, दगड आणि पाणी एवढ्या साहित्यावर तिला हवा तसा आकार देता येतो. मात्र आकार देताना एक गोष्ट सांभाळावी लागते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तिला आपले लोहार ‘पाणी’ म्हणतात. हे पाणी म्हणजे काय, ते आधी पाहू.

पाणी म्हणजे काय?

विळा बोथट झाला की शेतकरी म्हणतो, ‘विळा पाजवून आणा.’ लोहार विळ्याचे पाते भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून पातळ करतो, पुन्हा तापवतो आणि पाण्यात बुडवतो. याला पाणी देणे म्हणतात. पण लोखंड पाणी पिते असे थोडेच आहे? मग पाण्यात बुडवल्याने काय घडते?

शुद्ध लोखंड बरेच मऊ असते. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद तयार होते. खिळे, तारा व सळया यांच्या मऊ पोलादात कार्बन शेकडा पाव भागाच्या आत असतो. सुरी, विळा यांसारख्या हत्यारांच्या पोलादात तो साधारणपणे शेकडा अर्ध्यापासून एक भागापर्यंत असतो. मोटारीच्या कमानपाट्यात शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक कार्बन असतो. म्हणूनच जुने कमानपाटे आणून त्यांतून कोयते आणि विळे घडवणारे लोहार व घिसाडी आपल्याकडे आढळतात. नुसत्या खिळ्याच्या लोखंडाचा कोयता कितीही सुबक केला तरी त्याला पाणी चढत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

पोलाद चांगले लाल होईपर्यंत तापवले, म्हणजे साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले, की त्यातील लोखंडाच्या अणूंची रचना बदलते. या नव्या रचनेत कार्बनचे अणू सहज सामावतात. पोलाद हळूहळू निवू दिले तर जुनी रचना परत येते. कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते आणि पोलाद मऊ राहते. पण लाल पाते एकदम पाण्यात बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि लोखंडाच्या अणूंची रचना ताणली जाते. अशा ताणलेल्या रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरू शकत नाहीत. म्हणून पोलाद अत्यंत कठीण बनते. या रचनेला अडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

परंतु हे पोलाद कठीण तसेच ठिसूळही असते. आपटले तर काचेसारखे तुटते. म्हणून लोहार ते पुन्हा थोडेसे तापवतो. २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान अडकलेल्या कार्बनपैकी काही सुटतो, ताण थोडा सैल होतो, काठिण्य किंचित कमी होते आणि ठिसूळपणा पुष्कळच कमी होतो.

या वेळी घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग चढताना दिसतात. सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, २५० ते २६० अंशांना तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. हा रंग पोलादाचा नव्हे. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो आणि त्यावर प्रकाशाचे व्यतिकरण होऊन, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे, रंग दिसतात. थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो. लोहाराजवळ तापमापक नसतो. हे रंगच त्याचा तापमापक. भट्टी सावलीत असण्याचे एक कारण हेच. भर उन्हात लाल रंगाच्या छटा ओळखू येत नाहीत.

पोलाद आणि साधे लोखंड यांतील फरक कार्बनचा आहे, हे व्हँडरमाँड, बर्थोले आणि माँज या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८६ मध्ये दाखवून दिले. पुढे मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादावर अनेक प्रयोग केले. त्यांत भारतातून इंग्लंडला गेलेले ‘वुट्झ’ हे प्रसिद्ध पोलादही होते. फॅरडे यांचे वडील लोहार होते, ही गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे.

प्रयोग : सुईला पाणी द्या

हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा. चष्मा लावा. सुई मोडताना ती जाड कापडात गुंडाळून पकडीने वाकवा, म्हणजे तुकडा उडणार नाही.

साहित्य : शिवणाच्या चार जाड सुया, पकड, स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची ज्योत, वाटीभर पाणी, बारीक खरकागद.

१. पहिली सुई आहे तशीच वाकवून पाहा. ती थोडी वाकते, सोडली की सरळ होते आणि फार वाकवली तर मोडते.

२. दुसरी सुई पकडीत धरून ज्योतीत लाल करा. मग ती ज्योतीतून अगदी सावकाश वर वर न्या, म्हणजे ती हळूहळू निवेल. ही सुई तारेसारखी वाकते आणि वाकलेलीच राहते.

३. तिसरी सुई लाल करून झटकन पाण्यात बुडवा. ही सुई जवळजवळ न वाकताच काडकन मोडते.

४. चौथी सुई तिसरीप्रमाणेच पाण्यात बुडवा, पण मोडू नका. खरकागदाने घासून चकचकीत करा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून हळूहळू तापवा. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग येत येत ती निळी झाली की बाजूला घ्या. ही सुई पुन्हा पहिलीसारखी लवचीक झालेली आढळेल.

चारही सुया एकाच पोलादाच्या, आकारही एकच. तरी गुण किती वेगळे! सुरीला आकार देताना आपण नेमके काय जपायचे आहे, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. कारखान्याने सुरीला पाणी देऊनच ती विकायला पाठवलेली असते. आपण ते पाणी उतरू द्यायचे नाही.

पाणी कसे उतरते?

पुष्कळ जण सुरी विजेवर फिरणाऱ्या दगडावर धरतात. ठिणग्या उडतात, काम झटपट होते. पण काही दिवसांत तीच सुरी दर आठवड्याला बोथट होऊ लागते. असे का होते, ते आकडेमोड करून पाहू.

धारेलगतचा १ मिलिमीटर रुंदीचा पट्टा घ्या. सुरीची लांबी १०० मिलिमीटर आणि या पट्ट्याची सरासरी जाडी पाव मिलिमीटर धरू. त्याचे घनफळ २५ घन मिलिमीटर आणि वजन सुमारे ०.२ ग्रॅम भरते. पोलादाची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला व दर अंशाला सुमारे ०.४६ ज्यूल आहे. हा पट्टा २०० अंशांनी तापवायला किती उष्णता लागेल?

०.२ × ०.४६ × २०० = सुमारे १८ ज्यूल.

पाव अश्वशक्तीची मोटार सेकंदाला सुमारे १८५ ज्यूल कार्य करते. त्यातील दहावा भाग जरी धारेत उष्णतेच्या रूपाने शिरला, तरी एका सेकंदात धार २०० अंशांनी तापेल! सुरीची मूठ आणि पाठ मात्र त्या वेळी थंडच असते, कारण उष्णता तेथवर पोहोचायला वेळ लागतो. हाताला काही जाणवत नाही आणि धारेवर निळी रेघ उमटते. ही रेघ म्हणजे पाणी उतरल्याची खूण. खरकागदाने घासून निळा रंग जातो, पण मऊपणा जात नाही. तेवढा भाग झिजवून मागचे न तापलेले पोलाद पुढे आणणे, हाच त्यावर घरचा उपाय.

हाताने कानस किंवा दगड चालवताना उष्णता सावकाश निर्माण होते आणि ती पात्याच्या जाड भागात व पाण्यात पसरून जाते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक ग्रॅम पोलादाच्या सुमारे ९ पट उष्णता लागते, म्हणून थोडेसे पाणीही पुष्कळ उष्णता शोषून घेते. शिवाय आपले बोट हा उत्तम तापमापक आहे. ५०-६० अंशांना आपण हात मागे घेतो आणि पाणी उतरायला तर २०० अंशांच्या वर जावे लागते. तेव्हा घासलेल्या जागेवर बोट सुखाने ठेवता आले की पाणी सुरक्षित आहे असे समजावे.

सुरीला नवा आकार

समजा, एका लांब सुरीचे टोक मोडले आहे. तिची फळे कापायची आखूड सुरी करायची आहे. काम शिक्षकांसमोर किंवा घरच्या मोठ्यांसमोर करा. सुरी शाळेत न्यायची असेल तर ती दप्तरात घालू नका, शिक्षकांनाच नेऊ द्या.

साहित्य : चपटी कानस, एका बाजूला भरड व दुसऱ्या बाजूला बारीक असलेला कार्बोरंडम दगड, खरकागद, दोन क्लँप किंवा कार्यशाळेतील व्हाइस, लाकडी फळी, जाड चिकटपट्टी, पाण्याचे भांडे, चष्मा.

प्रथम धातू ओळखा. सुरीला लोहचुंबक लावून पाहा. ‘स्टेनलेस’ सुरीलाही चुंबक चिकटतो, पण त्याच नावाच्या वाटीला किंवा तांब्याला बहुधा चिकटत नाही. याचे कारण असे, की भांड्यांच्या पोलादात क्रोमियमबरोबर बहुधा निकेलही असते आणि त्याला पाणी देता येत नाही. सुरीच्या पोलादात क्रोमियम असले तरी कार्बनही पुरेसा असतो आणि त्याला पाणी चढते. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी असे सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले आणि न गंजणाऱ्या सुऱ्या बाजारात येऊ लागल्या. या पोलादाला पाणी देण्यासाठी साध्या पोलादापेक्षा बरेच अधिक व नेमके तापमान लागते. म्हणून स्टेनलेस सुरीचे पाणी एकदा उतरले की घरी परत देता येत नाही.

मग आकार ठरवा. सुरी कागदावर ठेवून तिची बाह्यरेषा काढा आणि नवे टोक त्यावर आखा. येथे पुष्कळांची चूक होते. नवे टोक करण्यासाठी ते धारेची बाजू घासून वर नेतात. त्यामुळे पात्याचा जाड भाग धारेवर येतो आणि सुरी नीट कापत नाही. म्हणून धार आहे तशी राहू द्या आणि पाठ घासून खाली आणा. पाठीचा उतार धारेला जेथे मिळेल तेथे नवे टोक. आखलेली रेषा पात्यावर शाईने उतरवून घ्या.

आता धारेवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. सुरी फळीवर अशी आवळा, की पाठ फळीच्या कडेबाहेर येईल आणि धार तुमच्यापासून दूर राहील. मुठीजवळ पाठीवर कानस एकदा चालवून पाहा. कानशीत कार्बन शेकडा एक भागाहून अधिक असतो, म्हणून ती सुरीपेक्षा कठीण असते. ती पोलाद खात असेल तर तिनेच काम करा. ती काचेवरून घसरावी तशी घसरत असेल तर पाते फार कठीण आहे. बळ लावू नका, कानशीचे दातच जातील. तेथे भरड कार्बोरंडम दगड आणि पाणी वापरा. हा पदार्थ १८९१ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड अॅचेसन यांनी तयार केला. काठिण्यात तो हिऱ्याच्या खालोखाल असलेल्या मोजक्या पदार्थांपैकी एक आहे.

कानशीचे दात एकाच दिशेला कललेले असतात. म्हणून पुढे ढकलताना दाब द्या आणि मागे घेताना कानस उचला. मागे ओढतानाही दाबली तर ती लवकर बोथट होते. दर वीस-पंचवीस हातांनंतर थांबा, बोट लावून पाहा आणि पाते ओल्या फडक्याने पुसा. घाई करू नका. शाईच्या रेषेपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबून उरलेले काम दगडावर करा. शेवटी पाठीच्या कडा खरकागदाने गोल करा, म्हणजे बोटाला रुतणार नाहीत.

धारेचे गणित

आकार झाला, आता चिकटपट्टी काढून धार लावू. धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती अरुंद कड. समजा, १०० मिलिमीटर लांबीच्या बोथट धारेची जाडी ०.१ मिलिमीटर आहे आणि आपण १ किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे सुमारे १० न्यूटन, जोर लावला. क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर, म्हणून दाब दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन. धार ०.०१ मिलिमीटर केली तर क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर होते आणि तेवढ्याच जोरात दाब दहापट वाढतो. हा दाब वातावरणाच्या सुमारे १०० पट भरतो!

मग धार होईल तेवढी बारीक का करू नये? कारण फार बारीक धारेला मागून आधार राहत नाही. ती दुमडते किंवा तिचे कपचे उडतात. फळांच्या सुरीला प्रत्येक बाजूस १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. उसाच्या कठीण कांड्यावर आपटणाऱ्या कोयत्याला त्याहून मोठा कोन हवा. काम पाहून कोन ठरवायचा.

कोन मोजायला उपकरण नको, त्रिकोणमिती पुरे. सुरी ३० मिलिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी तिची पाठ दगडापासून ३० × ०.३४, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर उचला. १५ अंशांसाठी ३० × ०.२६, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचा लाकडी तुकडा शेजारी ठेवून उंची पडताळा आणि हात चालवताना ती बदलू देऊ नका. एका बाजूला घासत गेलात की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय बारीक कोर वळते. ती लांबीभर आली की बाजू बदला. मग दगडाच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने तेच करा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, सुरी ओढा. कोर निघून जाईल. धार अंगठ्याने पाहू नका. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला की काम झाले.

विजेच्या दगडावर पाच मिनिटांत होणारे हे काम हाताने करायला दोन-तीन तास लागतील. पण त्या वेळात वाचते ते मोलाचे आहे. लोखंड घासून आकार कोणीही बदलू शकतो. बाजारातल्या दोन सुऱ्यांच्या किमतीत आणि आयुष्यात जो फरक असतो, तो बराचसा पोलादात आणि त्याला दिलेल्या पाण्यात असतो. लोहाराला विळा पाजवायला आपण जे पैसे देतो, ते केवळ घणाचे नसून रंग ओळखणाऱ्या त्याच्या नजरेचेही असतात. पुढच्या वेळी भट्टीवर गेलात तर तो पाते कोणत्या रंगाला पाण्यात बुडवतो आणि कोणत्या रंगाला पुन्हा थांबतो, ते दुरून पाहा व वहीत टिपून ठेवा.

विचार करा

१. लाल केलेला साधा खिळा पाण्यात बुडवला तरी तो सुईसारखा ठिसूळ का होत नाही?

२. कोयत्याला फळांच्या सुरीसारखी १५ अंशांची धार लावली तर पहिल्या दिवशी काय होईल आणि आठव्या दिवशी काय होईल?

३. तुमच्या घरच्या सुरीची रुंदी मोजा. १८ अंशांच्या धारेसाठी तिची पाठ दगडापासून किती मिलिमीटर उचलावी लागेल?